रजेचा पगार कोणी द्यायचा?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नोकरी करणाऱ्या कोणाही माणसाचे पगारपत्रक पाहिले, तर कपातीच्या रकान्यात ‘एसडीआय’ अशी तीन अक्षरे दिसतात. सॅन होजे किंवा फ्रीमाँटला राहणाऱ्या आपल्याकडच्या अनेक मुलामुलींच्या पगारातूनही ही कपात होते. २०२५ साली तिचा दर होता पगाराच्या १.२ टक्के. म्हणजे शंभर डॉलरमागे सव्वा डॉलरहूनही थोडे कमी. बहुतेकांचे या ओळीकडे लक्ष जात नाही. मूल जन्माला येते, स्वतःचे ऑपरेशन निघते किंवा आईला अर्धांगवायूचा झटका येतो, तेव्हा मात्र ती ओळ अचानक मोलाची ठरते. त्या काळात माणूस कामावर जात नाही आणि तरीही त्याच्या हाती पगाराचा मोठा हिस्सा पडत राहतो. हा पैसा त्याची कंपनी देत नाही. तो राज्यातल्या सगळ्या नोकरदारांनी थोडा थोडा जमा केलेल्या निधीतून येतो.

या लेखाचा विषय ही छोटीशी ओळच आहे. आजारपण, बाळंतपण आणि घरातल्या माणसाची शुश्रूषा या तीन गोष्टींसाठी मिळणाऱ्या रजेचा पगार कोणी द्यायचा, हा प्रश्न दिसायला हिशेबाचा आहे. पण त्याच्या उत्तरावर बाईला नोकरी मिळते की नाही, बाप बाळाजवळ थांबतो की नाही आणि म्हाताऱ्या आईबापांना शेवटच्या आजारात कोणाचा हात मिळतो, एवढे सगळे अवलंबून असते. या प्रश्नाची चर्चा शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कायदेमंडळातही झाली होती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही.

रजा, नोकरी आणि पगार

आधी काही शब्द सुटे करून घेऊ. ‘रजा’ हा एकच शब्द आपण वापरतो, पण त्यात तीन वेगवेगळी आश्वासने असू शकतात. पहिले, कामावर न येण्याची परवानगी. दुसरे, परत आल्यावर तीच किंवा तशीच नोकरी मिळण्याची हमी. तिसरे, गैरहजेरीच्या काळातला पगार. कायद्यांमध्ये ही तिन्ही एकत्र असतातच असे नाही. परवानगी आणि हमी असून पगार नसेल, तर ती रजा कागदावरच राहते. कारण ज्याचे घर महिन्याच्या पगारावर चालते तो ती घेऊच शकत नाही. उलट पगार आहे पण नोकरीची हमी नाही, असेही घडते. मग माणूस हक्काचे पैसे मागायलाही कचरतो.

रजेची कारणेही तीन. स्वतःचा गंभीर आजार किंवा अपघात, नव्या बाळाचे आगमन (जन्माने वा दत्तकविधानाने), आणि कुटुंबातल्या आजारी माणसाची देखभाल. आपल्याकडे या विषयाची चर्चा निघाली की ती बाळंतपणाशी सुरू होते आणि तिथेच संपते. प्रत्यक्षात कामाच्या वयातल्या जवळजवळ प्रत्येक माणसावर, पुरुष असो वा स्त्री, या तीनपैकी एखादी वेळ कधी ना कधी येतेच.

वॉशिंग्टन, १९१९

पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि तिची पहिली परिषद १९१९ च्या शेवटी वॉशिंग्टनला भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून या परिषदेला गेले होते ना. म. जोशी. मुंबईत १९११ साली सोशल सर्व्हिस लीग सुरू करणारे आणि पुढे कामगार चळवळीचे आधारस्तंभ ठरलेले हेच ते जोशी. त्या परिषदेने बाळंतपणाच्या संरक्षणाविषयी एक करार संमत केला. बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे रजा असावी, आणि त्या काळात आई व मूल यांच्या निकोप निर्वाहाला पुरेल एवढी रक्कम मिळावी, हा त्याचा गाभा होता. महत्त्वाचे म्हणजे ही रक्कम सार्वजनिक तिजोरीतून किंवा विम्याच्या पद्धतीने द्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. एकेकट्या मालकाच्या खिशातून ती द्यावी असे म्हटले नव्हते.

ही अट नुसत्या सोयीसाठी घातलेली नव्हती. बाळंतपणाचा खर्च ज्या मालकाच्या कारखान्यात बाई काम करते त्याच्यावरच टाकला, तर तो मालक उद्यापासून बाईला कामावर घेणार नाही, हे कामगारांच्या प्रश्नाशी परिचय असलेल्यांना तेव्हाही दिसत होते. याच संघटनेने १९५२ साली केलेल्या पुढच्या करारात तर हे आणखी स्पष्ट केले : मालकावर व्यक्तिशः या खर्चाची जबाबदारी कोणत्याही परिस्थितीत टाकू नये.

ज्या शहरात हा करार झाला, त्या शहराचा देश मात्र त्यात कधीच सामील झाला नाही. आजही श्रीमंत देशांपैकी अमेरिका हा असा एकमेव देश आहे, की जिथे बाळंतपणाच्या भरपगारी रजेचा देशव्यापी कायदा नाही.

राज्यांनी काढलेली वाट

अमेरिकेत जे झाले ते राज्यांच्या पातळीवर झाले, आणि तेही आडवाटेने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने तात्पुरत्या अपंगत्वाचा विमा सुरू केला. कामाशी संबंध नसलेल्या आजाराने वा दुखापतीने माणूस काही आठवडे काम करू शकला नाही, तर त्याला पगाराचा काही भाग मिळावा, ही त्यामागची कल्पना. १९४६ साली कॅलिफोर्नियाने, १९४८ साली न्यू जर्सीने आणि १९४९ साली न्यू यॉर्कने अशीच व्यवस्था उभी केली.

कॅलिफोर्नियाच्या विम्यात सुरुवातीला बाळंतपण धरत नसत. पाय मोडला तर पैसे, बाळंत झाली तर नाही. याविरुद्ध कॅलिफोर्नियातल्या काही स्त्रिया न्यायालयात गेल्या. १९७४ साली ‘गेडुल्डिग विरुद्ध आयेलो’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. हा भेद स्त्री आणि पुरुष यांच्यातला नसून गर्भवती आणि गर्भवती नसलेल्या व्यक्ती यांच्यातला आहे, असा अजब तर्क त्या निकालात आहे. अखेर १९७८ साली अमेरिकी संसदेने कायदा करून गरोदरपणाच्या कारणावरून होणारा भेदभाव बेकायदा ठरवला. त्यानंतर ज्या राज्यांत असा विमा होता, तिथे बाळंतिणीलाही काही आठवड्यांचे पैसे मिळू लागले.

देशपातळीवर १९९३ साली कुटुंब व वैद्यकीय रजेचा कायदा झाला. अध्यक्ष थोरले बुश यांनी हे विधेयक दोनदा, १९९० आणि १९९२ साली, नकाराधिकार वापरून परत पाठवले होते. क्लिंटन यांनी सत्तेवर आल्यावर पहिल्या काही दिवसांतच त्यावर सही केली. या कायद्याने बारा आठवडे रजा आणि नोकरीची हमी दिली, पगार दिला नाही. शिवाय पन्नासपेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापना वगळल्या, आणि वर्षभरात किमान १,२५० तास काम केलेले असण्याची अट घातली. परिणामी देशातल्या नोकरदारांपैकी निम्म्याहून थोडे अधिकच या कायद्याच्या कक्षेत येतात. जे येतात त्यांच्यातही बिनपगारी रजा परवडणारे थोडे. हॉटेलात टेबले पुसणाऱ्या किंवा दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या बाईच्या दृष्टीने बारा आठवड्यांची बिनपगारी रजा म्हणजे बारा आठवड्यांचे थकलेले भाडे.

ही उणीव भरून काढण्याचे पहिले पाऊल कॅलिफोर्नियाने टाकले. २००२ च्या सप्टेंबरात तिथला कायदा झाला आणि १ जुलै २००४ पासून लोकांना पैसे मिळू लागले. जुना अपंगत्वाचा विमा होताच. वर्गणी गोळा करणारी यंत्रणा, अर्ज तपासणारी कार्यालये, डॉक्टरांच्या दाखल्यांचे नमुने हे सगळे तयार होते. त्याच छपराखाली कुटुंबासाठीच्या रजेचे नवे दालन उघडले. सुरुवातीला सहा आठवडे आणि पगाराच्या ५५ टक्के रक्कम. २०१४ पासून सासूसासरे, आजीआजोबा, नातवंडे आणि भावंडे यांच्या शुश्रूषेसाठीही ही रजा घेता येऊ लागली. २०२० पासून मुदत आठ आठवडे झाली, आणि २०२५ पासून मिळणारी रक्कम उत्पन्नानुसार पगाराच्या ७० ते ९० टक्के झाली. कमी पगाराच्या माणसाला टक्केवारी जास्त, हे तिथे फार उशिरा सुचलेले शहाणपण. कारण ५५ टक्क्यांत ज्याचे भागत नाही तो वर्गणी भरत राहतो, पण रजा घेत नाही. म्हणजे गरिबाच्या वर्गणीवर सुस्थितीतला माणूस रजा घेतो.

कॅलिफोर्नियामागोमाग न्यू जर्सी, ऱ्होड आयलंड आणि न्यू यॉर्क आली. मग वॉशिंग्टन राज्य, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ओरेगन. कोलोरॅडोत २०२० साली लोकांनी थेट मतदानाने हा कायदा मंजूर केला. आजवर तेरा राज्यांनी आणि राजधानीच्या प्रदेशाने असे कायदे केले आहेत. देशपातळीवर मात्र २०२१ साली चार आठवड्यांच्या भरपगारी रजेचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात संमत होऊनही सिनेटमध्ये अडकला.

यातली वॉशिंग्टन राज्याची कथा विशेष बोधप्रद आहे. तिथे पहिला कायदा २००७ सालीच झाला होता. त्यात रजा होती, रक्कम होती, पण पैसे कुठून आणायचे याची तरतूद नव्हती. तो कायदा एक दिवसही अमलात आला नाही. २०१७ साली नवा कायदा करताना आधी वर्गणीचा दर ठरवला, एक वर्षभर केवळ वर्गणी गोळा केली, आणि २०२० च्या जानेवारीपासून पैसे द्यायला सुरुवात केली. लोकांनी अपेक्षेपेक्षा जास्त अर्ज केले. सुरुवातीचा ०.४ टक्क्याचा दर वाढत जाऊन २०२५ साली ०.९२ टक्के झाला. टीकाकार याला योजनेचे अपयश म्हणतात. एवढ्या लोकांची गरज आजवर कोणाच्याच हिशेबात नव्हती, असाही त्याचा अर्थ होतो. काही असो, ज्या राज्याला असा कायदा करायचा आहे त्याने दर जाणूनबुजून कमी दाखवून सुरुवात करू नये, हा धडा त्यातून नक्की मिळतो.

अनुभव काय सांगतो

कॅलिफोर्नियातल्या व्यापारी संघटनांनी २००२ साली या विधेयकाला नोकऱ्या बुडवणारे विधेयक म्हटले होते. रूथ मिल्कमन आणि आयलीन ॲपलबॉम या दोन अभ्यासकांनी काही वर्षांनी तिथल्या मालकांनाच विचारले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत दर दहांपैकी सुमारे नऊ मालकांनी सांगितले, की उत्पादकतेवर आणि नफ्यावर एकतर काही परिणाम झाला नाही किंवा चांगला झाला. कारण उघड आहे. रजेचा पगार मालकाला द्यावा लागत नव्हता, आणि बाळंतपणानंतर अनुभवी माणूस नोकरी सोडून गेला की नवा माणूस शोधून शिकवण्याचा जो खर्च होतो, तो काही प्रमाणात वाचत होता.

दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले, की या कायद्यानंतर नव्या मातांच्या रजेची सरासरी मुदत सुमारे तीन आठवड्यांवरून दुपटीवर गेली. वाढ सर्वांत जास्त झाली ती कमी शिकलेल्या, एकट्या आणि गरीब मातांमध्ये. म्हणजे ज्यांना आधी तीन आठवड्यांचे बाळ सोडून कामावर जावे लागत होते, त्यांच्यामध्ये. बाळासाठी रजा घेणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण पहिल्या वर्षी पाचव्या हिश्शाहून कमी होते. आता ते एक तृतीयांशाच्या वर गेले आहे. आणखी एक निष्कर्ष आपल्यासारख्या वाढत्या वयाच्या समाजाने लक्षात ठेवावा असा. कनिका अरोरा आणि डग्लस वुल्फ यांनी २०१८ साली दाखवले, की कायद्यानंतर कॅलिफोर्नियातल्या वृद्धांचे शुश्रूषागृहात राहण्याचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी घटले. मुलांना रजा मिळाली, तर काही आईबापांना घर सोडावे लागत नाही.

सगळेच निष्कर्ष गोड नाहीत. २०१९ साली कर-विवरणांच्या आधारे झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले, की पहिलटकरणींच्या बाबतीत दहा वर्षांनंतरची कमाई आणि नोकरीत टिकण्याचे प्रमाण वाढण्याऐवजी थोडे घटलेच. रजा मुख्यतः बाईच घेत राहिली, तर घरकामाची जुनी वाटणीच पक्की होते आणि त्याची किंमत तिच्या पुढच्या बढत्यांना मोजावी लागते, असे त्याचे एक स्पष्टीकरण देता येते. म्हणून रजेचा कायदा केला की काम संपले असे नाही. बापाच्या वाट्याची रजा वेगळी ठेवणे, परतल्यावर नोकरीची हमी असणे आणि पाळणाघरे असणे या गोष्टी सोबत लागतात.

मुंबई, १९२८

आता आपल्याकडे वळू. वॉशिंग्टनहून परतलेल्या ना. म. जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. चार वर्षांनी हाच विषय मुंबईच्या प्रांतिक कायदेमंडळात आला. २८ जुलै १९२८ रोजी त्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांच्या मांडणीचा सारांश असा : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. लोकांचे कल्याण जपणे हे मूलतः सरकारचे काम असल्यामुळे या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलायला हवा. पण बाईला कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा आहे, म्हणून त्यानेही काही वाटा द्यावा हे न्याय्य आहे. अशा वाटणीसाठी यंत्रणा नसताना विधेयक अडवून धरावे, असे मात्र त्यांनी म्हटले नाही. आहे ते पाऊल टाकावे असेच म्हटले.

१९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा. पुढे मध्य प्रांत, मद्रास आदी प्रांतांनी तोच मार्ग धरला. पण खर्च पूर्णपणे मालकावर आला. त्या काळात मुंबईच्या कापडगिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. रिळे भरण्याची खाती तर बायकांचीच मानली जात. पुढच्या दशकांत हे प्रमाण घसरत गेले. याला रात्रपाळीवरची बंदी, यंत्रांतले बदल, पुरुष कामगारांचा दबाव अशी अनेक कारणे होती. ती एकमेकांपासून सोडवणे अवघड आहे. पण बाईला ठेवणे म्हणजे बाळंतपणाचा आणि पाळणाघराचा खर्च, हे गणित मालकांच्या डोक्यात होते, आणि सोय होताच त्यांनी ते वापरले, हे गिरणगावाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. १९१९ च्या करारातले भाकीत खरे ठरत होते.

विम्याची दिशा आपल्याकडे नव्हतीच असे नाही. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, प्रा. बी. पी. अडारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम देण्यात आले. १९४४ च्या त्यांच्या अहवालातून कर्मचारी राज्य विम्याचा १९४८ चा कायदा उभा राहिला. आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो हाच. त्यात मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो. कामगार आजारी पडला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते आणि बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार. हा सगळा पैसा निधीतून येतो. तत्त्व अगदी योग्य. पण २०१७ पासून पगाराची मर्यादा आहे महिना २१ हजार रुपये. त्यावर एक रुपया मिळाला की माणूस या छत्रीबाहेर.

छत्रीबाहेरच्या स्त्रियांसाठी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आणि त्याची जागा घेणारी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता. तिथे पुन्हा १९२९ चीच पद्धत : सगळा पगार मालकाने द्यायचा. २०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, तेव्हा सगळ्यांनी स्वागत केले. बिल कोणाच्या नावावर फाडले गेले याकडे थोड्यांनीच पाहिले. २०१८ साली केंद्र सरकारने मालकांना सात आठवड्यांचा पगार परत करण्याचा विचार बोलून दाखवला, पण तो कायद्यात उतरला नाही. आणि बाप? केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर पंधरा दिवस. खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. आजारी आईच्या उशाशी बसायचे असेल, तर महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या कर्मचाऱ्याकडे वर्षाच्या आठ किरकोळ रजा आणि साठवलेली हक्काची रजा असते. कर्करोगावरच्या उपचारांच्या फेऱ्यांत ती पहिल्या दोन महिन्यांतच संपते.

एका दुकानाचा हिशेब

फरक नेमका कुठे पडतो ते एका कल्पित हिशेबाने पाहू. समजा, एका लहान छापखान्यात दहा माणसे आहेत आणि प्रत्येकाचा पगार महिना ३० हजार. वर्षाचा पगारखर्च ३६ लाख. त्यातली एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली. सहा महिन्यांचे १ लाख ८० हजार रुपये मालकाने द्यायचे, म्हणजे वर्षाच्या पगारखर्चाच्या पाच टक्के. शिवाय तिच्या जागी बदली माणूस ठेवायचा तो वेगळा. पुढच्या वेळी अर्ज आले की हा मालक वाईट नसूनही नुकत्याच लग्न झालेल्या मुलीचा अर्ज खाली सरकवतो. मुलाखतीत विचारले जाणारे ‘लग्न झालंय का, मूल कधी’ हे प्रश्न केवळ खवचटपणातून येत नाहीत. कायद्यानेच त्या प्रश्नांना पैशाचा अर्थ दिला आहे.

आता तोच खर्च निधीवर टाकू. अशा शंभर छापखान्यांत मिळून एक हजार माणसे. मालकाची अर्धा टक्का आणि कामगाराची अर्धा टक्का वर्गणी धरली, तर वर्षाला ३६ लाख रुपये जमतात. समजा, वर्षात साठ जणांनी सरासरी दोन महिने रजा घेतली आणि त्यांना पगाराच्या ८० टक्के मिळाले. खर्च होतो २८ लाख ८० हजार. निधी पुरून उरतो. एका छापखान्याच्या मालकाला वर्षाला १८ हजार भरावे लागतात. मग त्याच्याकडे बाई असो वा पुरुष, कोणी रजा घेवो वा न घेवो. बाईला न घेऊन त्याचा एक पैसाही वाचत नाही. या पद्धतीचे खरे बळ इथे आहे. आकडे बदलले, रजा घेणारे वाढले, तर दर वाढेल. पण भेदभावाचे बक्षीस नाहीसे होते.

निधी सक्तीचा असावा लागतो, तेही याच कारणाने. वर्गणी ऐच्छिक ठेवली तर ज्याला लवकर रजा घ्यायची आहे तोच सामील होतो, बाकीचे बाहेर राहतात, दर चढतो आणि आणखी लोक बाहेर पडतात.

आक्षेप

पहिला आक्षेप गैरवापराचा. खोटे दाखले आणून लोक घरी बसतील. हा धोका कोणत्याही विम्यात असतो आणि त्यावरचे उपायही तेच : डॉक्टरांचा दाखला, ठरलेली मुदत, पूर्ण पगाराऐवजी त्याचा काही भाग, आणि खोटेपणाला दंड. एका गोष्टीत तर निधी मालकापेक्षा बरा. आजार खरा की खोटा याचा निवाडा आज साहेबाच्या मर्जीवर असतो, निधीत तो कागदावर होतो.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा खास. आमच्याकडे कुटुंब आहे, आजी आहे, मावशी आहे. हे परदेशी खूळ कशाला? पण गावाकडची आजी शहरातल्या दोन खोल्यांत सहा महिने राहते, तेव्हा तिचाही संसार मागे थांबलेला असतो. आणि ज्या घरात सांभाळणारे कोणी नाही, तिथे ‘कुटुंब सांभाळते’ याचा अर्थ सून किंवा मुलगी नोकरी सोडते असाच होतो. कुटुंबाने माणूस सांभाळावा असे वाटत असेल, तर सांभाळणाऱ्या हाताला काही आठवडे मोकळे करायला हवे. हा कायदा तेवढेच करतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. ज्यांच्या नावाची पगाराची पावतीच निघत नाही, त्या घरकामगार, ऊसतोडणी मजूर, हातगाडीवाले यांचे काय? वर्गणी पगारातून कापायची असेल, तर ते बाहेरच राहतात. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी मिळणारे पाच हजार रुपये हा आजचा तुटपुंजा आधार. यावर विचार करताना महाराष्ट्राने स्वतःचाच इतिहास चाळावा.

महाराष्ट्राला हे नवे नाही

१९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला. माथाडीला एक ठरावीक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. म्हणून मंडळे स्थापन झाली. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरतो. मंडळ मजुरी देते आणि लेव्हीतून भरपगारी रजा, भविष्य निर्वाह निधी, औषधोपचार पाहते. मालक अनेक आणि बदलते असले तरी सामाईक निधी चालू शकतो, हे मुंबईच्या बाजारपेठांनी सिद्ध केले. मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत, पण रचना टिकली आहे.

दुसरे उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या पगारपत्रकावर आहे : व्यवसाय कराचे दोनशे रुपये. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ साली हा कर आला. शहरातल्या नोकरदाराने दरमहा थोडे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला कामाची हमी मिळायची. पुढे २००५ साली देशाने ही कल्पना उचलली. एका राज्याने आधी करून दाखवावे, मग देशाने ते घ्यावे, ही अमेरिकेतल्या राज्यांचीच मक्तेदारी नाही.

राज्यघटनेची अडचण आहे का? सामाजिक विमा आणि कामगार कल्याण, त्यात प्रसूती लाभही, हे विषय समवर्ती सूचीत आहेत. राज्याला कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगती आली तर राष्ट्रपतींची संमती लागेल, एवढेच.

अशा कायद्यात चार गोष्टी असाव्यात. एक, मालक, कामगार आणि सरकार या तिघांची वर्गणी. ज्यांचा पगार कागदावर नाही त्यांची वर्गणी सरकारने आणि मंडळांमार्फत कामाच्या व्यवहारावरील लेव्हीतून भरावी. दोन, आजार, बाळ आणि शुश्रूषा ही तिन्ही कारणे पहिल्या दिवसापासून मान्य असावीत, म्हणजे ही केवळ ‘बायकांची योजना’ राहणार नाही. तीन, बापाच्या वाट्याचे काही आठवडे वेगळे असावेत, जे त्याने घेतले नाहीत तर वाया जातील. चार, रजेवरून परतणाऱ्याला नोकरीची हमी असावी, आणि कमी पगाराला भरपाईची टक्केवारी जास्त असावी.

खर्च मोठा आहे यात शंका नाही. पण तो खर्च आज होत नाही असे समजणे चूक आहे. तो रोज होतो, फक्त त्याची पावती निघत नाही. बाळंतपणानंतर सुटलेली नोकरी, आईच्या आजारपणात काढलेले कर्ज, बापाच्या मृत्यूच्या आदल्या आठवड्यात न मिळालेली सुट्टी, आणि अर्जांच्या गठ्ठ्यात तळाशी गेलेले एका मुलीचे नाव, हे सगळे त्या खर्चाचेच हप्ते आहेत. आज ते ज्याच्यावर वेळ येते तो एकटा भरतो. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात हा भार वाटून घेण्याची गोष्ट निघाली होती. ती पुढच्या वर्षी राज्याच्या विधिमंडळात पुन्हा निघायला हरकत नसावी.